नाली तुंबली? या चुका टाळा

न्हाणीत पाणी साचलं की आमच्याकडं लोकाइले पहिले सळई आठवते. पाणी नेमकं कुठं अडलं हे कोणी पाहतच नाही. एकटं सिंक तुंबलं असेल तर गाळ बहुतेक सिंकखालच्या बाकात, म्हणजे वाकड्या पाइपात असते, अन सिंक-न्हाणी दोन्ही तुंबले तर पुढच्या पाइपात. म्हणून मी आधी घराबाहेर जातो, पाइप जिथं शोषखड्ड्यात पडते ते तोंड पाहतो, मग आत येतो.

सळईचं सांगतो. प्लास्टिकच्या पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सळईच्या दोन धक्क्यात तडकते, नाहीतर फरशीखाली जॉइंट सुटते आणि महिन्याभरानं भिंतीला ओल चढते, मग फरशी फोडल्याशिवाय इलाज नाही. वरून बोळा ढकलून आणखी घट्ट होते तो वेगळाच. मी गाडीची जुनी क्लच वायर वापरतो, टोकाचा मणी कापायचा, तार वाकवून बारका आकडा करायचा, हळूहळू फिरवत आत सोडायची आणि बोळा बाहेर ओढायचा. वेळ लागते, पण केसाचा अख्खा गुंता हातात येते.

दुसरी चूक जिवावरची. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंच्या न्हाणीत त्यांच्या पुतण्यानं संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं, दहा मिनिटं झाली, पाणी हललं नाही, तर विहिरीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर त्यावरच टाकली. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघते बावा! काकू आत बसून भांडे घासत होत्या, मी गेलो तेव्हा त्या ओसरीत डोळे चोळत खोकत होत्या, श्वास पुरत नव्हता, तसंच दवाखान्यात न्यावं लागलं. अन बोळा निघाला कुठं? शोषखड्ड्याच्या तोंडाशी, भांडे घासायचा काथ्या आणि राखेचा गोळा. चिमट्यानं दोन मिनिटात निघाला. पाच मिनिटं धीर धरला असता, बाहेर जाऊन पाहिलं असतं, तर काहीच झालं नसतं. आजकालच्या पोट्ट्याइले सगळं बाटलीतून पाहिजे, याचा मले खरंच राग येते.

कास्टिक सोडा तर मी घरात ठेवूच देत नाही. त्याच्यावर पाणी ओतलं की ते उकळून अंगावर उडते, जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात कालवलं तर ते पातेलंच खाते आणि पेट घेणारा हायड्रोजन निघते.

उकळतं पाणीही ओतू नका, प्लास्टिकचा पाइप नरम पडते. थंडीत तर्रीचं तेल पाइपात थिजलं असेल तर हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड, तीन-चार वेळा. नुसत्या गरम पाण्यानं तेल वितळते अन पुढं जाऊन परत थिजते.

रबरी पंप मारताना त्याच पाइपाला जोडलेलं दुसरं भोक, सिंकचं नाहीतर न्हाणीचं, ओल्या फडक्यानं दाबा, नाहीतर हवा तिकडूनच निघून जाते. आणि रबर पाण्यात बुडलेलं पाहिजे.

आधीच अ‍ॅसिड ओतलं असेल तर पंपही नको, बाक खोलणंही नको, तोंडावर उडते. दार-खिडकी उघडी ठेवा आणि जो कोणी दुरुस्तीला येईल त्याले दारातच सांगा की आत काय ओतलं आहे. लाजून लपवू नका, हात त्याचे भाजतात.

अन पाणी हळू जाते म्हणून न्हाणीची जाळी कोणी काढून फेकली असेल तर ती आजच परत बसवा.