सोलापूरच्या हिवाळ्यात मधपेटीची निगा कशी राखावी

नोव्हेंबर सरता सरता सोलापुरात पहाटेचा वारा बोचू लागतो आणि त्याबरोबर सल्लेही सुरू होतात: पेट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, फेब्रुवारीपर्यंत झाकण उघडू नका, माश्या आता झोपणार आहेत. जिथे महिनोन्महिने बर्फ हटत नाही, तिथले हे शहाणपण आहे. आपल्याकडे पहाटे पारा १२ ते १५ अंशांवर, एखाद्या वर्षी १० च्याही खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी ३० च्या आसपास जातो. सकाळी आठला पेटीत एकमेकींना बिलगून बसलेली माशी अकरा वाजता ज्वारीच्या नाहीतर तुरीच्या रानात राबत असते. अशा हवेत प्लॅस्टिकमध्ये बांधलेली पेटी दुपारी आतून तापते आणि रात्री आतला दमटपणा बाहेर पडत नाही. गोणपाटाची एक घडी आतल्या झाकणावर टाकली तर हरकत नाही, मात्र चारही बाजूंनी गुंडाळलेले गोणपाट मुंग्यांना आणि मेणकिड्याला (पोळ्याचे मेण खाणाऱ्या अळीच्या पतंगाला) आयतेच घर मिळवून देते.

पुढे सांगितलेले सर्व सातेरी या आपल्या देशी माशीच्या आठ चौकटींच्या पेटीला धरून आहे; चौकट म्हणजे माश्या जिच्यात पोळे बांधतात ती लाकडी चौकट. मेलिफेरा (युरोपीय माशी) पाळणाऱ्यांनी चौकटींचा हिशेब दहाचा धरावा. तत्त्व बदलत नाही.

सर्वप्रथम पेटीचे तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असावे, म्हणजे कोवळे ऊन लवकर पोहोचते. दिशा बदलायची असल्यास ती रोज थोडी थोडी बदलावी.

त्यानंतर पेटीचे वजन अजमावावे. मागची बाजू हाताने जराशी उचलून पाहिली की भरलेली आणि रिकामी पेटी यांतला फरक आठवडाभरात हाताला कळू लागतो.

आता मुख्य काम, म्हणजे पेटीतली जागा माश्यांच्या संख्येएवढी करणे. माझी पहिली दोन वर्षे याच कामाने खाल्ली, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

डिसेंबरात आपल्या भागातली रब्बी ज्वारी निसवते. ज्वारी पराग भरपूर देते, पण मकरंद देत नाही. पहाटे सुटलेला पराग माश्या सकाळभर पायांना गोळे लावून आणतात, तो पाहून राणी जोमाने अंडी घालू लागते आणि पाळणाऱ्याला वाटते की वसाहत वाढते आहे. वास्तविक तुरीचा फुलोरा तोवर ओसरत आलेला असतो आणि करडई अजून फुलायची असते, म्हणजे पिल्ले वाढत असतात पण मध येत नसतो. पिल्लांना अहोरात्र ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. ती माश्या छातीचे स्नायू थरथरवून निर्माण करतात आणि त्यासाठी साठवलेला मधच खर्ची पडतो. माश्या थोड्या आणि पिल्ले फार अशी अवस्था आली, की थंड रात्री माश्यांचा गोळा आकसतो आणि कडेची पिल्ले उघडी पडतात.

पहिल्या हिवाळ्यात मी याहूनही मोठी चूक केली. वसाहत लवकर वाढावी म्हणून पिल्लांच्या दोन चौकटींच्या मधोमध एक रिकामे पोळे सरकवावे, असे मला एका प्रशिक्षणात सांगितले होते, आणि ते मी डिसेंबरच्या मध्यावर, अवघ्या पाच चौकटींच्या वसाहतीत केले. एका कुटुंबाची दोन बिऱ्हाडे झाली आणि माश्यांना दोन्हीकडे ऊब पुरवता आली नाही. चौथ्या दिवशी पोळ्याच्या कडांना करड्या पडलेल्या मेलेल्या अळ्या दिसल्या. मी तो रोग समजलो आणि कुणी दिलेली पावडर त्यावर टाकून मोकळा झालो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पंधरा दिवसांत उरलेली वसाहत पेटी सोडून निघून गेली. सातेरी फार सहन करत नाही, हे तेव्हा कळले.

म्हणून हा फरक नीट लक्षात ठेवावा. थंडीने मेलेली पिल्ले पोळ्याच्या कडांना आणि खालच्या भागात पट्ट्याने आढळतात, आणि त्यांत लहान अळ्या, मोठ्या अळ्या, कोष असे सर्व वयांचे जीव असतात. रोगाने मेलेली पिल्ले मात्र निरोगी पिल्लांमध्ये विखुरलेली दिसतात. सातेरीतल्या पिशवी रोगात अळीचे डोके वर उचललेले असते आणि चिमट्याने ओढल्यास ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर येते. पहिल्या प्रकारावर जगात कोणतेही औषध नाही. जागा कमी करणे एवढाच इलाज आहे.

जागा किती ठेवायची, हे दुपारी मोजून कधीही कळत नाही, कारण तेव्हा निम्म्या माश्या रानात असतात आणि उरलेल्या उन्हाने पसरलेल्या असतात. मोजणी सकाळी सात वाजता करावी. धूर न देता वरचे व आतले झाकण हलक्या हाताने उचलावे, एकाही चौकटीला हात लावू नये, आणि चौकटींच्या माथ्यांमधल्या किती फटी माश्यांनी गच्च भरल्या आहेत एवढेच पाहून दहा सेकंदांत झाकण परत ठेवावे. जितक्या फटी भरलेल्या, तितक्याच चौकटी पेटीत राहतील. मोजणी सकाळी करावी, पण प्रत्यक्ष हलवाहलव त्याच दिवशी साडेअकरा ते तीनच्या दरम्यान, वारा पडलेला असताना करावी. पिल्लांच्या चौकटी सलग, एकमेकींना लागून ठेवाव्यात. त्यांच्या दोन्ही अंगांना मध-परागाच्या चौकटी याव्यात आणि शेवटी डमी फळी (चौकटीच्या आकाराची, पोळे नसलेली आडोशाची फळी) लावून पलीकडची जागा बंद करावी. पिल्लांची चौकट हातात धरून फोटो काढण्याची हौस या दोन महिन्यांत आवरावी. तीनपेक्षा कमी फटी भरत असतील तर ती वसाहत एकटी वाचवण्याचा हट्ट धरू नये. तिची राणी काढून, संध्याकाळी दोन्ही वसाहतींच्या मध्ये बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून ती शेजारच्या सशक्त वसाहतीशी जोडावी.

काढलेली रिकामी पोळी तशीच शेडमध्ये ठेवल्यास मेणकिडा त्यांची जाळी करतो, कारण आपली थंडी त्याला रोखण्याइतकी कडक नसते. ती दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग हवाबंद पिशवीत बांधावीत.

पेटी हलकी लागली तर दोन किलो साखरेला एक लिटर पाणी या मापाचा घट्ट पाक, पूर्ण गार करून, अंधार पडताना पेटीच्या आतच द्यावा आणि दरवाजा एक-दोन माश्या जातील एवढाच ठेवावा. पाक बाहेर थाळीत ठेवणे म्हणजे लुटालुटीला आमंत्रण देणे होय. गूळ, काकवी किंवा उसाचा रस मुळीच देऊ नये. त्यातल्या क्षारांनी माश्यांना हगवण लागते. उसाच्या या जिल्ह्यात गूळ घरचाच असल्याने तो फुकट वाटतो, पण त्याची किंमत माश्या चुकवतात. गुऱ्हाळाच्या जवळ पेटी ठेवू नये, हेही त्यातच आले. भुकेल्या माश्या वासाने तिकडे धावतात आणि काहिलीत पडून मरतात.

पाणी जवळ आणि उन्हात असावे. तारेवर बसून माश्या टिपणाऱ्या वेड्या राघूंकडे दुर्लक्ष करावे, सशक्त वसाहतीचे त्यांच्याने काही बिघडत नाही. सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंब बागांच्या शेजारी पेट्या असतील, तर आंबिया बहराच्या फवारण्या संध्याकाळी उशिरा करण्याविषयी बागायतदाराशी बहर धरण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

जानेवारीच्या उत्तरार्धात करडई पिवळ्या फुलांनी बहरू लागली, सकाळच्या मोजणीत शेवटची फटही गच्च दिसली आणि डमी फळीच्या पलीकडे माश्या डोकावू लागल्या, की फळी एका चौकटीपुरती मागे सरकवून रिकामे पोळे पिल्लांच्या बाहेरच्या बाजूला द्यावे. पुढची चौकट आठ दिवसांनी, पुन्हा सकाळी सातला फटी मोजूनच द्यावी.