आठ वेळा वाचूनही आठवत नाही? या चुका टाळा

लातूरच्या अभ्यासिकेत मी बारा वर्षं स्पर्धा परीक्षेची पोरं बघतोय. तलाठी असो, पोलीस भरती असो की राज्यसेवा, चुका त्याच. दरवर्षी कुणीतरी येऊन म्हणतं, "सर, माझी मेमरीच वीक आहे." मेमरी बहुतेकांची ठणठणीत असते. अभ्यासाची रीत चुकलेली असते.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं

सगळ्यात जास्त पोरं इथंच बुडतात. औशाकडचा एक पोरगा होता. पहाटे पाचला येऊन बसायचा, रात्री अकराला उठायचा. इतिहासाचं पुस्तक आठ वेळा वाचून झालेलं. पहिल्या वाचनाला पिवळा मार्कर, दुसऱ्याला गुलाबी, तिसऱ्याला हिरवा. न रंगवलेली ओळ शोधून काढावी लागायची. सराव परीक्षेत मात्र शंभरपैकी एकेचाळीस.

मी ते पुस्तक मिटलं, एक पाठकोरा कागद त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं आठवेल तेवढं लिही. त्यानं १७ सप्टेंबर १९४८ लिहिलं, खाली स्वामी रामानंद तीर्थ लिहिलं आणि पेन थांबला. दहा मिनिटं तसाच बसून होता. मग म्हणाला, "सर, पुस्तक उघडलं की समदं ओळखीचं वाटतंय हो." डोळे भरून आले होते त्याचे.

ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासून दाखवलं. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. वाचणाऱ्याला आज भारी वाटतं, म्हणून तो फसतो.

त्या पोराला मी त्याच कागदावर राहिलेलं लाल पेनानं भरायला लावलं: १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई, ऑपरेशन पोलो हे नाव, रझाकार, कासीम रझवी. दुसऱ्या दिवशी नवा कागद. चौथ्या कागदावर लाल शाई एका ओळीपुरती उरली. यात डोकं शिणतं, म्हणून उतावळी पोरं दोन दिवसांत सोडून देतात आणि परत मार्कर उचलतात. याची मला खरंच चीड येते.

एका रात्रीत उरकणं

हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये छापला. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गळती, पुढं ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी त्याच संध्याकाळी हवी. मी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग पुढच्या रविवारी आणि महिन्यानं पुन्हा विचारतो. यामागं काही शास्त्रशुद्ध वेळापत्रक नाही, माझी सवय आहे. पण अंतर वाढवत नेणं सोडू नका. ढगफुटीचा पाऊस वाहून जातो, भीजपावसानंच ओल धरते. माझ्या आजोबांना ऐंशीव्या वर्षीही पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) धडाधड यायची, कारण शाळेत वर्षानुवर्षं रोज उभं राहून म्हणावी लागली होती.

बाकीच्या चुका थोडक्यात. मोठी यादी सलग घोकू नका, तुकडे पाडा. मराठवाड्याचे आठ जिल्हे पाठ करण्यापेक्षा जुने पाच धरा आणि त्यांतून निघालेले तीन जोडा: तेव्हाच्या औरंगाबादमधून मुख्यतः जालना १९८१ ला, तेव्हाच्या उस्मानाबादमधून लातूर १९८२ ला, परभणीतून हिंगोली १९९९ ला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. दिवसभराचं वाचलेलं झोपेत पक्कं होतं. मोबाईल टेबलावर नको, उलटा ठेवलेलाही नको. आणि "एका ट्रिकमध्ये सगळं पाठ" असले व्हिडिओ बंद करा. आद्याक्षरांची ट्रिक क्रम लक्षात ठेवायला बरी, पण अशी कितीतरी पोरं माझ्यासमोर बसली की ज्यांना ट्रिक येत होती आणि अक्षरांमागची नावं येत नव्हती.

आता नवीन पोरगा आला की मी पहिल्याच दिवशी त्याचा मार्कर ठेवून घेतो आणि दप्तरातले वीस पाठकोरे कागद त्याच्या हातात देतो.