पिकाच्या कचऱ्याचा बायोचार करून पाण्यातलं फॉस्फेट कसं काढायचं

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की नुसता बायोचार, म्हणजे हवा लागू न देता भाजून केलेला कोळसा, पाण्यात टाकून फॉस्फेट निघत नाही. साध्या बायोचारवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि फॉस्फेटवर पण निगेटिव्हच, मग ते चिकटणार कसं? उलट धाटं, तूस, पऱ्हाट्या यांच्या राखेत मुळातच फॉस्फरस असतो, तो सुटून पाण्यातलं फॉस्फेट वाढू पण शकतं. कितीतरी जण इथंच निराश होऊन सोडून देतात, वाईट वाटतं.

उपाय म्हणजे भाजायच्या आधीच मॅग्नेशियम मुरवायचं. 1 लिटर द्रावणात साधारण 203 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइडचे खडे (पाणी धरलेले, हेक्साहायड्रेट) होतील असं करा, त्यात बारीक केलेला कचरा रात्रभर भिजवा, निथळून कडक वाळवा. मग झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, गॅस बाहेर पडायला एक छोटं भोक ठेवा, आणि 500 ते 600 डिग्रीवर तासभर भाजा. हे उघड्यावरच करा हं, आम्लाची वाफ निघते, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला उभं राहू नका. डबा पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचा नाही, हवा लागली की कोळशाची राख होते.

आता पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइड बसलेलं असतं आणि फॉस्फेट त्यालाच धरतं. हा चार (म्हणजे बायोचार) धुऊन घ्या, पाणी नितळ येईपर्यंत.

मोठं काही करण्याआधी बाटलीत टेस्ट घ्या: 1 लिटर पाण्याला 2 ग्रॅम चार, दिवसभर मधून मधून हलवायचं, आधी आणि नंतर टेस्ट किटने मोजायचं. दुसऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी आणि तेवढाच चार ठेवा, म्हणजे चारमधूनच फॉस्फेट सुटतंय का ते कळेल, ही बाटली अजिबात टाळू नका. आणि किट आकडा फॉस्फेटचा देतं की फॉस्फरसचा तेही बघा, दोन्हीत जवळपास 3 पटीचा फरक असतो.

तळ्यासाठी वापरायचा असेल तर कापडी पिशवीत भरून पाणी वाहतं तिथं ठेवा, आधी गाळ अडवा नाहीतर छिद्रं बुजतात. पिण्याच्या पाण्यासाठी हे नाही, पीएच वाढतो. फॉस्फेटने भरलेला चार फेकू नका, कारखान्याचं पाणी नसेल तर तो मातीत मिसळा, फॉस्फरस हळूहळू पिकाला मिळतो.