कासव वर निघाले की कॅमेरा खाली घ्या

स्कूबाचे प्राथमिक प्रमाणपत्र हाती पडताच समुद्री कासवाचे छायाचित्र टिपण्याची घाई होते. ती मला आजही पुरती आवरत नाही. तरीही बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता न वर तरंगता स्थिर राहण्याचे कौशल्य, पक्की होईपर्यंत कॅमेरा पाण्यात नेऊ नये, आणि पहिल्याच डाइव्हला तो हाती देणाऱ्या प्रशिक्षकाकडे शिकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला अडकवले ते मात्र निराळ्याच सापळ्याने. चरणारे कासव श्वासासाठी मान वर करून पृष्ठभागाकडे निघते, वरून ऊन झिरपत असते, आणि हवी तशी चौकट समोर येते. डोळे पडद्यावर खिळलेले असल्यामुळे आपणही त्याच्यासोबत वर सरकत आहोत हे कळत नाही, आणि हात स्थिर राहावा म्हणून नेमका तेव्हाच श्वास रोखला जातो. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. भरल्या छातीने श्वास कोंडून एक-दीड मीटर वर येणेसुद्धा फुफ्फुसाला इजा करू शकते. त्यातच बीसीडीतील, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटातील, हवा फुगत जाते आणि वर येण्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून कासवाने वर तोंड केले की कॅमेरा खाली घ्या, श्वास चालू ठेवा, बीसीडीतील हवा सोडा आणि डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली पाहा. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नका, ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा सुरक्षेचा थांबा) कोणत्याही छायाचित्रासाठी सोडू नका, आणि कासवाच्या वर जाऊन त्याची हवेची वाट अडवू नका.

एवढे पाळले तर घाबरण्याचे कारण नाही. स्पंज खाण्यात गुंतलेले हॉक्सबिल जातीचे कासव शांत डायव्हरकडे सहसा लक्षही देत नाही. थोडे अंतर राखून बाजूला स्थिर राहावे आणि जवळ यायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. पाठलाग करणाऱ्याला त्याची पाठच टिपायला मिळते. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून जवळून स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) वापरावा; मात्र तो लेन्सपासून बाजूला दूर ठेवावा, नाहीतर पाण्यातले कण चमकतात.

एक छायाचित्र गालाचे, अगदी बाजूने आणि सुस्पष्ट घ्याच. तिथल्या खवल्यांची रचना प्रत्येक कासवाची वेगळी असते आणि अभ्यासक तिच्यावरून तेच कासव पुन्हा ओळखतात.