भरतीचा पेपर काढताय? या चुका टाळा

कुपवाडच्या एमआयडीसीत ट्रेनी ऑपरेटर घ्यायचे असोत की साताऱ्यातल्या पतसंस्थेत लिपिक, लेखी परीक्षेचा पेपर बहुतेक ठिकाणी सारखाच तयार होतो. गेल्या वर्षीचा पेपर समोर, बाजारातलं एखादं भरती मार्गदर्शक शेजारी, आणि एका संध्याकाळी ४० प्रश्न जुळवून मोकळे. तपासणी ओएमआरवर होणार, म्हणजे निकालावर कुणी बोट ठेवू शकणार नाही, अशी समजूत असते. पण ओएमआर मशीन फक्त काळे केलेले गोळे मोजतं. प्रश्न कुणाला अवघड गेला आणि का गेला, याच्याशी त्याचा संबंध नाही.

गणित तपासायचं होतं, तपासला गेला शब्द

‘१२ आणि १८ यांचा लसावि काढा.’ मराठी माध्यमाच्या उमेदवाराला यात काही अडचण नाही. सेमी इंग्रजीतून आलेला मुलगा हेच गणित पाचवीपासून एलसीएम म्हणून करत आला आहे. त्याला ३६ हे उत्तर काढता येतं, पण काय काढायचं आहे तेच कळत नाही. आयटीआयवाल्यांचंही तसंच. वर्कशॉपमध्ये सगळे ‘लीस्ट काउंट’ म्हणतात आणि पेपरात छापलेलं असतं ‘लघुत्तम माप’. उपाय सोपा आहे: दोन्ही शब्द शेजारी छापा, ‘लसावि / एलसीएम’. त्यासाठी शाई सोडून काही खर्च होत नाही.

अंकांचंही तेच. आकडे कोणत्या लिपीत छापायचे ते एकदा ठरवा आणि प्रश्न, पर्याय, तक्ते सगळीकडे तेच ठेवा. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही?’ हा प्रश्न तर पेपरातून हद्दपारच करावा. दुहेरी नकारात चांगले चांगले अडकतात, आणि मराठी ज्याची घरची भाषा नाही तो सगळ्यात आधी अडकतो. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी कितीतरी कुटुंबं आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या मुलाला फिटरच्या भरतीत वाक्प्रचारांचे पाच प्रश्न घातले, तर त्याचे हात तपासले जात नाहीत. उलट पतसंस्थेच्या काउंटरवर मराठी अर्ज वाचून खातेदाराला समजावणं हेच काम असेल, तर मराठीची परीक्षा योग्यच आहे, मग त्यात कुणीही मागे पडो. प्रत्येक प्रश्नाला एकच विचारायचं: हे कामात लागतं का?

पेपर वाचून पक्षपात दिसतो, हा भ्रम

काही प्रश्न वाचताक्षणी खटकतात. बरेचसे खटकत नाहीत, आणि कधी कधी खटकलेला प्रश्न मोजल्यावर निर्दोष निघतो. म्हणून मोजावं लागतं. मोजतानाची सर्रास होणारी चूक म्हणजे नुसत्या टक्केवारीवर निकाल देणं. ‘हा प्रश्न ६८ टक्के मुलांना आला, ४८ टक्के मुलींना आला, म्हणजे पक्षपाती.’ एवढ्यावरून तसं ठरत नाही. दोन गटांच्या एकूण तयारीतच फरक असू शकतो. तुलना करायची ती सारखे एकूण गुण मिळवणाऱ्यांची.

हा प्रश्न घ्या: ‘एका फलंदाजाची ५ डावांतील सरासरी ४२ आहे. सहाव्या डावात त्याने किती धावा केल्यास सरासरी ४५ होईल?’ समजा दोन-तीन भरत्यांत तो पुन्हा पुन्हा आला आणि हाताशी ३६० मुलगे व २४० मुली यांच्या उत्तरपत्रिका आहेत. एकूण गुणांचे तीन गट केले (एकूण गुणांत हा प्रश्नही धरायचा):

१९ गुणांपर्यंत: मुलगे १२० पैकी ६० बरोबर, मुली ९० पैकी २७.
२० ते २९: मुलगे १५० पैकी १०५, मुली १०२ पैकी ५१.
३० आणि वर: मुलगे ९० पैकी ८१, मुली ४८ पैकी ३६.

प्रत्येक गटात दोन गुणाकार करा. पहिला, बरोबर मुलगे गुणिले चूक मुली. दुसरा, चूक मुलगे गुणिले बरोबर मुली. दोन्हींना त्या गटातल्या एकूण संख्येने भागा. पहिल्या गटात ६० × ६३ ÷ २१० म्हणजे १८, आणि ६० × २७ ÷ २१० म्हणजे ७.७१. तिन्ही गटांची बेरीज केली की पहिली येते ४६.२९, दुसरी १९.१७. भागाकार २.४. दोन्ही बाजूंना सारखाच असलेल्या प्रश्नाचा भागाकार १ च्या आसपास असतो.

ही मॅन्टेल-हॅन्झेल पद्धत. १९५९ मध्ये ती रोगांच्या अभ्यासासाठी आली आणि १९८८ मध्ये हॉलंड आणि थेअर यांनी ती परीक्षांच्या प्रश्नांना लावली. अमेरिकेतल्या ईटीएस या परीक्षा संस्थेच्या मोजपट्टीवरून हिशेब केला, तर भागाकार साधारण ०.६५ ते १.५३ मध्ये असेल तोवर चिंता नको. १.८९ च्या वर किंवा ०.५३ च्या खाली गेला तर प्रश्न बाजूला काढायचा. आपला २.४ आहे. सरासरी दोघांनाही येते, ‘डाव’ आणि ‘धावा’ रोजच्या बोलण्यात असणाऱ्याला ती चटकन दिसते, एवढाच फरक. वर क्रिकेट बारकाईने बघणारा ‘नाबाद डाव धरायचे का?’ असा घोळ घालतो तो वेगळाच. तेच गणित पोत्यांत विचारा: ‘५ पोत्यांचे सरासरी वजन ४२ किलो. सहावे पोते ठेवल्यावर सरासरी ४५ किलो झाली. सहावे पोते किती किलोचे?’ उत्तर दोन्हीकडे ६०. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात पोतं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. लहान गटात २०० तरी उत्तरपत्रिका नसतील तर हा भागाकार डगमगतो, तीस मुलींवरून निष्कर्ष काढू नका. दुसरं, चार-पाच प्रश्न सदोष निघाले की एकूण गुणही दूषित झालेले असतात, ते प्रश्न वगळून गणित पुन्हा करा. तिसरं महत्त्वाचं: भागाकार जास्त आला म्हणजे पक्षपात सिद्ध झाला असं नाही. व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं साधन) वाचण्याच्या प्रश्नात आयटीआयवाले बारावीवाल्यांच्या पुढे जाणारच. मशीनवर व्हर्नियर वापरायचा असेल तर तो प्रश्न राहू द्या. आणि सगळा पेपरच एका बाजूला कललेला असेल, तर ही पद्धत तो कल दाखवत नाही, कारण ती पेपराला पेपरानेच मोजते.

निवडीचं प्रमाण न पाहणं

निकाल लागला की हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. ३६० मुलग्यांतून ९० निवडले, म्हणजे २५ टक्के. २४० मुलींतून ३६, म्हणजे १५ टक्के. १५ भागिले २५ म्हणजे ०.६०. अमेरिकेच्या नोकरभरतीबद्दलच्या १९७८ च्या मार्गदर्शक सूचनांत ०.८० च्या खालचं प्रमाण ही एका गटावर विपरीत परिणाम झाल्याची खूण मानली आहे. आपल्याकडे हा नियम बंधनकारक नाही, पण धोक्याची घंटा म्हणून उत्तम. घंटा वाजल्यावर मुलींना सरसकट दोन गुण वाढवून देणं हा उपाय नव्हे. कोणत्या टप्प्यावर गळती झाली ते शोधा: लेखी, मुलाखत, की अर्जाच्या अटीतच?

अटीत बऱ्याचदा सापडतं. हेल्परच्या जागेला ‘दहावीत किमान ६० टक्के’ कशासाठी? उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीने अशीच शालान्त पदविकेची अट आणि दोन चाचण्या लावल्या होत्या. कामाशी संबंध दाखवता न आल्याने १९७१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्या अमान्य केल्या. हेतू शुद्ध असणं पुरेसं नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

वेळ आणि शिफ्ट

जुना ठोकताळा असा: सगळ्यांचे तीन चतुर्थांश प्रश्न हातावेगळे व्हावेत आणि ८० टक्के उमेदवार शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचावेत. तसं होत नसेल तर तुम्ही वाचण्याचा वेग मोजताय. लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग उमेदवाराला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे ९० मिनिटांच्या पेपराला ३० मिनिटं. हे हॉलमध्ये आयत्या वेळी ठरवू नका, अर्जातच विचारा.

दोन शिफ्टला दोन पेपर असतील तर कच्चे गुण एकत्र लावू नयेत, पर्सेंटाइल (आपल्या शिफ्टमधले किती टक्के उमेदवार मागे आहेत तो आकडा) काढावं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पर्सेंटाइल गृहीत धरतं की दोन्ही शिफ्टची मुलं सरासरीने सारखीच आहेत. ‘आटपाडी-जतची मुलं एसटीने उशिरा येतात, त्यांना दुपारची शिफ्ट द्या’ ही सोय म्हणून चांगली, पण तिने ते गृहीतकच मोडतं. शिफ्ट चिठ्ठ्या टाकूनच वाटा. लांबच्यांची सोय करायची तर सकाळची शिफ्ट अकराला सुरू करा.

कटऑफचा काठ

४० गुणांच्या पेपरात गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ६ आणि विश्वासार्हता (तशीच परीक्षा पुन्हा घेतली तर गुण कितपत जुळतील, ० ते १ मध्ये) ०.८४ असेल, तर मोजमापाची चूक ६ × √(१ − ०.८४) म्हणजे २.४ गुणांची. २४ वाला आत आणि २३ वाला बाहेर, यात गुणवत्तेचा भाग फार थोडा. काठावरच्या चार-पाच गुणांच्या पट्ट्यातल्यांना प्रात्यक्षिकाला बोलवा.

मुलाखत

लेखी ६०, मुलाखत ४०, म्हणून लेखीचं वजन जास्त, हे फक्त कागदावर. वजन ठरतं गुणांच्या पसाऱ्यावर. लेखीत सगळे ३८ ते ४६ मध्ये आणि मुलाखतीत ८ ते ३८ दिले असतील, तर निवड मुलाखतीने केली. आणि ती मुलाखत बरेचदा ‘कुठल्या गावचे? आडनाव काय म्हणालात?’ इथून सुरू होते. आडनाव कळलं की पुढचं ऐकणं बदलतं, विचारणाऱ्याच्या नकळत. सर्वांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण आणि ० कशाला, ३ कशाला, ५ कशाला ते आधी लिहून ठेवलेलं. दोन्ही परीक्षकांनी आपापल्या कागदावर गुण लिहून कागद उलटा ठेवायचा आणि मगच बोलायचं. लेखीचे गुण त्यांच्यासमोर ठेवू नका.