उन्हाळी सल्ला : स्टार्टर ट्रिप झाला की आधी अँपिअरमीटरचा काटा बघा, मग स्क्रू ड्रायव्हरला हात लावा

अंबे बहाराच्या डाळिंबाला आता चार दिवसही पाणी तुटून चालत नाही. ताण बसून एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. आणि मोटर जळायचे दिवसही नेमके हेच.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर बोअरमधून पाच एचपीची मोटर वर काढली. वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) काळंठिक्कर. स्टार्टरची पेटी उघडली तर ओव्हरलोड रिलेची (भार जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या, म्हणजे ट्रिप करणाऱ्या भागाची) चकती १२ वर फिरवलेली, शिवाय सुरू करायचं हिरवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात काडेपेटीची काडी खोचलेली. नेमप्लेटवर साडेसात अँपिअर. मालक म्हणाले, "सारखी ट्रिप व्हायची, म्हणून वाढवून घेतली." पाणी खाली गेलं होतं, मोटर गाळ ओढत होती, इम्पेलर (पाणी ढकलणारी चाकं) जड झाले होते. रिले तेच सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं.

म्हणून पहिलं काम : मोटर नीट चालत असताना अँपिअर किती घेते ते पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहा. आजच. ढोबळ हिशेब एचपीला दीड अँपिअर, पण खरा आकडा नेमप्लेटचा. रिले त्याच आकड्यावर ठेवा. स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी व्होल्टेजवर उठवणारा) स्टार्टर असेल तर रिले बहुधा फेजच्या वायरवर असतो, तिथे नेमप्लेटच्या ०.५८ पट धरतात. म्हणजे १५ अँपिअरच्या मोटरला पावणेनऊच्या आसपास. इथे बरेच वायरमनही चुकतात.

आता काटा काय सांगतो ते बघा.

काटा जास्त, पाणी कमी : गाळ, जाम झालेलं बेअरिंग, नाहीतर व्होल्टेज कमी. लाईट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांच्या ऑटो स्विच एकदम मोटरी उठवतात आणि व्होल्टेज बसतं. व्होल्टमीटर ३५० च्या खाली असेल तर मोटर चालवू नका. ऑटोचा टायमर शेजाऱ्यांशी बोलून पाच-दहा मिनिटं मागेपुढे लावा; यात एक रुपया जात नाही.

काटा कमी, पाणी तुटत तुटत किंवा बंद : बोअर उपसलं, पाइपाला भोक पडलं किंवा कपलिंग तुटलं. ओव्हरलोड रिले इथे ट्रिप होत नाही, कारण मोटरवर भारच नाही. कोरडी चालून ती आतून भाजते. अशा वेळी लगेच बंद करा आणि बोअरला तासभर विसावा द्या. माझा स्वतःचा अंदाज डिलिव्हरी पाइपावर हात ठेवून असतो : धक्के बसू लागले की पाणी संपत आलं. शास्त्र नाही, पण आजवर फसलेलो नाही.

काटा कमी, पाणी कमी पण सलग, आणि नुकतीच जोडणी बदललेली : मोटर उलटी फिरत असेल. दोन फेज अदलाबदल करून बघा.

घरघर, पण मोटर उठत नाही : फेज गेली. आपल्या पेट्यांत अँपिअरमीटर बहुधा एकाच फेजवर असतो. नेमकी तीच गेली तर काटा शून्य, दुसरी गेली तर काटा उडतो. म्हणून फेज प्रिव्हेंटर (फेज गेली की मोटर बंद करणारा) काढून ठेवू नका. कंडेन्सर (कपॅसिटर) लावून दोन फेजवर थ्री फेज मोटर ओढणं तर या उन्हात मुद्दाम जाळण्यासारखंच.

बाकी नेहमीची कामं :
– लाईट बंद करून पेटीतले स्क्रू आवळणं, काळे पडलेले पॉइंट बदलणं
– कट-आऊटमध्ये जाड तार नको, योग्य फ्यूज
– अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं
– विहिरीवरच्या मोटरीची ग्लँड दोरी, फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) बघणं
– कपॅसिटर : ३ एचपीला १, ५ ला २, साडेसातला ३ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप)

दुकानात गेलात की "एचपी वाढवा" किंवा वीज वाचवणारी डबी हमखास समोर येईल. बोअरला पाणीच नसेल तर साडेसातची मोटर ते पाचच्या मोटरीपेक्षा लवकर संपवते, एवढंच. डबीचे पैसे टाँग टेस्टरवाल्या (वायरीला चिमटा लावून अँपिअर मोजणाऱ्या) वायरमनला द्या. त्याला तिन्ही फेज मोजायला सांगा. सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोष लाइनीत आहे की वाइंडिंगमध्ये ते शोधू द्या.

मोटर जळलीच तर वाइंडिंगवाल्याकडून तांब्याचीच तार लिहून घ्या, ॲल्युमिनियमची चालवून घेऊ नका. सोडण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर परत पाठवा. आत पाणी भरून चालणारी मोटर स्वच्छ पाण्याने भरून, बुडबुडे थांबेपर्यंत उभी धरा. खाली सोडून चालू केली की दहा मिनिटांनी काटा बघा, आणि जुना आकडा पुसून नवा लिहा.