गेम अडखळतो, मध्येच बंद पडतो? कॅबिनेट उघडण्याआधी या चुका टाळा

पीसीवर गेम मध्येच बंद पडला की बहुतेक जण लगेच काहीतरी बदलायला घेतात, आणि सगळ्यांत मोठी चूक तीच. सकाळी ड्रायव्हर नवा टाकला, दुपारी बायोस (मदरबोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, मग रॅम काढून पुसून बसवली आणि रात्री विंडोज फॉरमॅट मारलं. एवढं केल्यावर त्रास थांबला तर तो कशाने थांबला ते कळत नाही. नाही थांबला तर जुन्या दोषात एखादा नवा मिसळला का, हेही कळत नाही. ओळखीपाळखीच्या मुलांचे पीसी माझ्याकडे येतात, त्यातले बरेचसे आधीच असे ढवळून आलेले असतात. मूळ दोष शोधण्यापेक्षा आधी कायकाय केलं गेलं हे वदवून घेण्यातच जास्त वेळ जातो.

माझा नियम असा: एका वेळी एकच बदल करायचा, तो तारखेसह मोबाइलमध्ये लिहायचा, आणि निदान दोन-तीन दिवस तसंच खेळून पाहायचं. तेवढा धीर नसेल तर मशीनला हात न लावलेलाच बरा.

त्याहीआधी नेमकं काय होतं ते पाहा. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो का? पडदा काळा होतो, पण आवाज चालू राहतो का? निळा पडदा येतो का? की एकही सूचना न देता पीसी थेट रिस्टार्ट होतो? या चारही वाटा वेगळ्या आहेत. गेम एकटाच बंद पडत असेल तर आधी मेमरी, गेमच्या फाइल्स, ड्रायव्हर यांच्याकडे बघावं. चित्र जाऊन आवाज राहिला तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या केबल. अचानक रिस्टार्ट झाला तर वीज. निळ्या पडद्याचं शेवटी रॅमच्या भागात येतं. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा, रिलायबिलिटी हिस्टरी उघडेल. तारखेवार लाल फुल्या दिसतात, एकेका फुलीवर क्लिक केलं की काय बंद पडलं ते समोर येतं. विंडोजमध्ये हे कितीतरी वर्षांपासून आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी ते उघडून पाहिलेलं असतं.

‘एफपीएस वाढवा’ छापाचे व्हिडिओ बघून सेटिंग बदलणं

या चुकीचा मला मनापासून राग आहे, कारण हिच्यात चांगली चालणारी मशीन बिघडतात. एफपीएस म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम. त्या वाढवायच्या म्हणून दहा मिनिटांच्या व्हिडिओत पंधरा सेटिंग बदलायला लावतात, रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्याची) फाइल डाउनलोड करून चालवायला सांगतात, विंडोजच्या सर्व्हिस बंद करायला लावतात. कशाने काय होतं, याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

छत्रपती संभाजीनगरला इंजिनीअरिंग करणाऱ्या एका मुलाचा पीसी असाच माझ्याकडे आला. १६ जीबी रॅम, बऱ्यापैकी कार्ड, तापमान ठीक. तरी मोठा गेम अर्ध्या-पाऊण तासात बंद पडायचा आणि सरळ डेस्कटॉप दिसायचा. त्याने विंडोज नवीन टाकून पाहिलं होतं, ड्रायव्हर तीन प्रकारचे टाकून पाहिले होते. घरच्यांकडे नवीन ग्राफिक्स कार्डासाठी हट्ट सुरू झाला होता, आणि वडील जवळजवळ तयारही झाले होते. मी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टीमचा लॉग उघडला. प्रत्येक वेळी गेम पडायच्या जरा आधी ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ची २००४ नंबरची नोंद होती. व्हर्च्युअल मेमरी कमी पडली की विंडोज ही नोंद करतं.

“दादा, पण रॅम सोळा जीबी आहे आणि गेम अकराच वापरतोय. मग मेमरी संपली कशी?”

प्रश्न अगदी रास्त होता. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की खाली ‘कमिटेड’ असा आकडा दिसतो. गेम जेवढी मेमरी प्रत्यक्ष वापरतो त्यापेक्षा जास्त मागून ठेवतो, आणि तेवढी देण्याचं वचन विंडोज देतं. वचनाची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल, म्हणजे डिस्कवरची जी फाइल विंडोज मेमरीसारखी वापरतं ती. या मुलाने व्हिडिओ बघून पेजफाइल शून्य केली होती, ‘एसएसडी खराब होते’ म्हणून. विंडोज नवीन टाकल्यावर त्याच व्हिडिओतली सगळी सेटिंग त्याने पुन्हा लावली होती, त्यामुळे फॉरमॅटचाही उपयोग झाला नाही. रॅम अकरा जीबी वापरात असताना कमिटचा आकडा सोळाला टेकलेला होता. पुढची मागणी आली की विंडोज नाही म्हणायचं आणि गेम कोसळायचा.

पेजफाइल ‘सिस्टीम मॅनेज्ड’ केली, रिस्टार्ट दिला, आणि तो त्रास तिथेच संपला. त्या घरात जवळपास तीस हजारांचं कार्ड विनाकारण आलं असतं. पेजफाइल बंद करू नका, रॅम ३२ जीबी असली तरी नको. सी ड्राइव्हवर २०-३० जीबी जागाही मोकळी ठेवा, नाहीतर पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही. गेम बूस्टर, रॅम क्लीनर असली सॉफ्टवेअर तर मी पहिल्यांदा काढून टाकतो आणि मगच पुढचं बघतो.

‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की नवीन एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आणणं

इव्हेंट व्ह्यूअरमधली ही नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. निळ्या पडद्यानंतरही ती येते, बटण दाबून बंद केल्यावरही येते. तिच्या डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ बघा. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा आला होता, म्हणजे वाट वेगळी. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही: वीज गेली किंवा मशीन जागीच गोठलं.

अकोल्यातल्या एका मित्राने यावरून नवीन एसएमपीएस घेतला, तरी मे महिन्यात संध्याकाळी खेळताना रिस्टार्ट चालूच. मी फोनवर एकच विचारलं: पीसी बंद होतो त्या क्षणी मॉनिटरचा दिवाही जातो का? त्याने पुढच्या वेळी लक्ष ठेवलं. जात होता. मग दोष पीसीच्या आत असेल कसा? पीसी, मॉनिटर आणि खोलीचा कूलर असं सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होतं. बोर्डाची पिन भिंतीच्या सॉकेटात सैल होती आणि काळी पडली होती. गेम चालू झाला की पीसी जास्त करंट ओढायचा, त्यात कूलर सुरू, आणि सैल जोड तेवढा भार पेलत नव्हता. इलेक्ट्रिशियनने सॉकेट बदललं आणि प्रश्न मिटला. काळी पडलेली पिन दिसली की ती त्याच दिवशी बदला, तिथून आग लागू शकते.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना पीसी बंद होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोड आणि साधा मोड असे दोन पर्याय असतात. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर पूर्ण भारात साधारण १५-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या मोडमध्ये बदल व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी चालवूच नये. ग्राफिक्स कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन्ही टोकं नकोत.

फक्त सरासरी एफपीएस बघणं

६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मध्येच एका फ्रेमने १०० मिलिसेकंद घेतले तरी त्या सेकंदाचा आकडा ५५ दिसतो. आकडा बरा, पण हाताला झटका बसतोच. एमएसआय आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमटाइमची (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ चालू करा. रेघ कधी उसळते ते पाहिलं की अर्धं काम होतं. ठरावीक सेकंदांनी उसळत असेल तर मागे चालणारं एखादं सॉफ्टवेअर, बऱ्याचदा आरजीबी लाइटचं. वीस मिनिटांनंतर सुरू होत असेल तर उष्णता. गर्दीच्या जागी, कॅमेरा वळवताना होत असेल तर ८ जीबी मेमरीच्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) ‘अल्ट्रा’ ठेवलेलं असतं. ते एक पायरी खाली आणा. बाकी सगळी सेटिंग ‘लो’ करून टेक्स्चर तसंच ठेवणारे खूप भेटतात.

नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावरच अडखळत असेल तर शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात. सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी येते ती पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर बदलला की शेडर पुन्हा बनतात, त्यामुळे पहिला अर्धा तास कुरकुर होणारच. या कुरकुरीला घाबरून शेडर कॅशे (तयार शेडरचा साठा) रोज पुसणारे लोक तोच त्रास रोज नव्याने ओढवून घेतात.

थोडक्यात आणखी काही

डिस्प्लेची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर जाते, तेव्हा कॅबिनेटची जाळी महिन्यातून एकदा साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. रायझन ७००० मालिकेचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवले आहेत, तो आकडा पाहून प्रोसेसरचा कूलर बदलायला धावू नका.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि गेम ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत पडत असेल, तर कार्डावर संशय घेण्याआधी बायोस बघा. व्होल्टेजच्या दोषामुळे हे प्रोसेसर कालांतराने खराब होत होते. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले, ते बायोसमधून येतात, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून निघत नाही. अपडेटनंतरही क्रॅश होत असेल तर प्रोसेसर वॉरंटीत द्या.

आणि रॅम. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. एकच मोठी स्टिक घेऊन ‘नंतर दुसरी टाकू’ म्हणणाऱ्यांच्या गेममध्ये बऱ्याचदा तिथूनच झटके सुरू होतात. एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू केलं की रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त धावते, आणि प्रत्येक मशीनला ते झेपतंच असं नाही. दर वेळी वेगळाच निळा पडदा, वेगवेगळे गेम पडणं, फाइल खराब निघणं अशी लक्षणं असतील तर विंडोज पुन्हा टाकू नका, खराब रॅमवर टाकलेलं विंडोजही खराबच निघतं. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्री लावून ठेवा. एकही एरर चालत नाही. एरर आली तर एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट पुन्हा लावा, तरीही आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा. खराब निघालेली स्टिक वॉरंटीत पाठवताना जोडीतल्या दोन्ही पाठवा, कारण किट जोडीनेच तपासून विकलेलं असतं.